घटकाभर पुढे

१

मधुवंती बक्षी अकरा वर्षांची असताना तिच्या शरीरानं इन्सुलिन तयार करणं सोडून दिलं, आणि तेव्हापासून छत्तीस वर्षं तिचा संसार आकड्यांशी होता. उठल्यावर आकडा, जेवणाआधी आकडा, जिना चढून आल्यावर आकडा. पूर्वी प्रत्येक वेळी बोटाला सुई टोचावी लागे. त्या टोचण्यांनी तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती, बारीक काळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. आता दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला असे. तो दर पाच मिनिटांनी रक्तातल्या साखरेचा आकडा तिच्या फोनवर पाठवी, आणि तोच आकडा लगोलग तिच्या मोठ्या बहिणीच्या, हिमानीच्या फोनवर जाई.

रामदासपेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात या दोघीच राहत. हिमानी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, मधुवंती विमा कचेरीत. धाकटीची साखर झोपेत उतरली तर आपल्याला कळायला हवं, म्हणून हिमानी सतरा वर्षांची असल्यापासून कान उघडे ठेवून झोपत आली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती, आणि मधुवंती ते कधी विसरली नव्हती.

मधुवंतीला वेड होतं चालण्याचं. लहानपणी शाळेची सहल निघाली तेव्हा बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं, "हिची जबाबदारी आम्ही घेत नाही." ते वाक्य तिच्या पायात कुठंतरी जाऊन बसलं असावं. चाळिशीनंतर तिनं चालायला सुरुवात केली. आधी फुटाळ्यापर्यंत, मग कोराडी, मग दोन दिवसांत रामटेक. आता या फेब्रुवारीत नागपूर ते नदीसंगमावरचा अंभोरा, तीन दिवस, एकटीनं.

डॉक्टरांनी इन्सुलिन किती कमी करायचं ते लिहून दिलं. हिमानीनं अटी घातल्या.

"आकडा दिसला पाहिजे मले दर पाच मिनिटांनी. फोन केला तर उचलायचा. आणि एकदा जरी काही झालं ना मधू, तर हे शेवटचं चालणं. समजलं?"

"समजलं, ताई."

पाठीवर पिशवी, डोक्यावर रुंद काठाची हिरवी टोपी, खिशात ग्लुकोजच्या पुड्या, अशी ती दिघोरी नाक्यापासून पहाटे निघाली. पूर्वेला धूसर उजेड होता आणि आकडा होता एकशे बेचाळीस.

२

दुपारी ती एका कडुनिंबाखाली बूट काढून बसली होती. शेतात लाखोळी निळी फुलली होती, लांब कुठंतरी पंप चालू होता, आणि चालून चालून येते ती गोड गुंगी अंगात उतरत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"मधू, काय करून राहिली तू? बासष्ट दिसून राहिली. खा लवकर काहीतरी!"

मधुवंतीनं फोन कानापासून दूर धरून पडद्यावर पाहिलं. एकशे एकतीस. बाण आडवा, म्हणजे साखर जागच्या जागी.

"ताई, माझ्याकडे एकशे एकतीस आहे."

"माझ्याकडे बासष्ट. वाद नको घालू, खा."

तिनं पिशवीतून यंत्र काढलं, बोट टोचलं. एकशे चौतीस. साखर उतरली की आधी ओठ मुंग्या आल्यासारखे होतात, मग मानेवर घाम, मग हात थरथरतात. यातलं काहीच नव्हतं. नेटवर्कचा घोळ असेल, झालं. ती खाली ठेवलेल्या बुटांकडे बघत राहिली. दहा मिनिटांनी पुन्हा फोन.

"चढून राहिली बरं आता. चौऱ्याऐंशी. खाल्लंस ना?"

मधुवंतीनं काहीच खाल्लं नव्हतं. पण समजावत बसलं तर ताई घाबरणार, घाबरली तर गाडी काढणार, आणि मग अंभोरा राहिला.

"हो, खाल्लं," ती म्हणाली.

"शहाणी माझी," हिमानी म्हणाली आणि फोन ठेवला.

एवढंसं खोटं. पण बुटांची नाडी बांधताना तिला उगीचच वाटलं, की आपण आपली एखादी वस्तू कुणाला तरी देऊन टाकली आहे आणि ती कोणती ते आपल्याला आठवत नाही.

३

ती रात्र कचेरीतल्या जुन्या सहकाऱ्यांकडे, मधुकररावांच्या शेतघरात काढायची हे आधीच ठरलं होतं. जेवायला बसण्याआधी तिनं फोनमधली दिवसभराची नोंद उघडून पाहिली. हिरवी रेघ नदीसारखी संथ गेलेली. बासष्ट तर सोडाच, नव्वदच्या खालीही ती दिवसात एकदासुद्धा आली नव्हती.

"असं होतं का हो मशीनमध्ये?" तिनं मधुकररावांना विचारलं.

"अहो, माझ्या मोबाइलवर दुसऱ्याच्या गॅस सिलिंडरचे मेसेज येऊन राहिले दोन वर्षांपासून," ते हसून म्हणाले. "तसं कोणाचं तरी तुमच्या ताईकडे जाऊन राहिलं असेल."

हे तिला पटलं. कुणीतरी दुसरी असेल, तिलाही हाच आजार. नागपुरात अशा हजारो असतील. त्या अनोळखी बाईची कीव करत ती झोपली, आणि झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी कुहीच्या अलीकडे एक म्हातारा शेतकरी बांधावर विडी ओढत बसला होता. ती जवळ आली तसा तो उठूनच उभा राहिला.

"काहून जी बाई, रस्ता चुकल्या का?"

"नाही. कुहीलाच चालले."

"मंग आत्ता तं गेल्या ना तुमी इकून? मी म्हटलं, धोंडबा, शेहरातली बाई पायी पायी कुठी जाऊन राहिली एकटी."

"दुसरं कोणी असेल, आजोबा."

धोंडबानं तिच्या टोपीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग बुटांकडे. "असंन," तो म्हणाला. पण त्यानं विडी पुन्हा तोंडाला लावली नाही.

त्या दिवशी हिमानीचे तीन फोन आले. सत्तर, मग पासष्ट, मग "शाब्बास, चढली." प्रत्येक वेळी मधुवंतीनं होकार भरला. कुहीच्या मुक्कामी तिनं दंडावरचा सेन्सर चाचपला. नीट चिकटलेला होता. फोन बंद करून चालू केला. आपल्या हातातला आकडा खरा, हे तिनं सहा वेळा बोट टोचून स्वतःला पटवून दिलं. सातव्यांदा टोचलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण साखर तपासत नाही आहोत. आपण आहोत का, ते तपासतो आहोत.

४

तिसऱ्या दिवशी डांबरी रस्ता संपत आला. पुढे धरणाचं मागे पसरलेलं पाणी होतं. पाणी चढणार म्हणून इथली गावं उठवून उंचावर वसवली होती. नवी टेंभरी त्यांतलीच एक. सरळ रेषेत घरं, सरळ रेषेत नळ, आणि गावाच्या तोंडाशी प्रयागबाईची चहाची टपरी.

मधुवंती बाकावर टेकली. प्रयागबाई लुगड्याचा पदर खोचून भांडी घासत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "काही इसरलं का, बाई?"

 मधुवंती शांतपणे म्हणाली, "मी किती वेळापूर्वी आले होते इथे?"

"आता घटकाभर झाली असंन. असं काहून इचारता?"

"मी काय केलं?"

"काय करान? बिस्किटाचा पुडा घेतला, इथंच बसल्या. घामानं निथळून राहिल्या होत्या. हातानं पुडा फुटत नव्हता, तं मीच फोडून देल्ला. मी म्हटलं, अव माय, उनाचं डोकं फिरलं वाटते बाईचं. जुन्या टेंभरीची वाट इचारली आन गेल्या."

"माझा चेहरा पाहिलात तुम्ही?"

प्रयागबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "टोपी होती ना डोक्यावर," ती हळू म्हणाली. "आन आतासारखं नीट पाहून नोहत्या बोलून राहिल्या तुमी."

जुन्या टेंभरीवरून अंभोऱ्याला जायची पाऊलवाट मधुवंतीनंही आधीच ठरवून ठेवली होती. पाणी मागे हटलेल्या दिवसांत ती मोकळी होते. टपरीपासून ती वाट खाली उतरत होती. गाळाची मऊ, पांढरट धूळ. धुळीत बुटाच्या तळव्याचे ठसे उमटले होते, आडव्या लाटांची नक्षी आणि टाचेला एक चांदणी. मधुवंतीनं आपला पाय त्यातल्या एका ठशावर ठेवला आणि उचलला. दोन ठसे नव्हतेच. एकच होता.

असे बूट सीताबर्डीत शेकड्यानं विकले जातात, असं ती मनाशी म्हणाली. ते खरंही होतं.

मागे फिरावं, टपरीवर बसून ताईला बोलवावं, हे तिला सुचलं नाही असं नाही. पण त्या ठशांमधलं अंतर तिनं पाहिलं. सुरुवातीला लांब लांब, मग जवळ जवळ, मग एक पाय वाकडा, वाटेबाहेर. साखर उतरलेलं माणूस असंच चालतं. तिला ते आतून ठाऊक होतं.

५

जुन्या टेंभरीत एकाही घरावर छप्पर नव्हतं. गाव सोडताना लोकांनी छपराचे कवेलू नेले, लाकडी फाटे नेले, दारं चौकटींसकट नेली. उरल्या त्या मातीच्या भिंती, छातीएवढ्या, कुठं डोक्याएवढ्या, आणि सगळ्यांवर सारख्या उंचीला पाण्याची तपकिरी रेघ. कोनाड्यांतला निळा रंग अजून शाबूत होता. दुपारचं ऊन घराघरांत उभं होतं. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. चालताना मधुवंतीला आपण पाण्याखालून चाललो आहोत असं वाटत होतं, आणि ते वाटणं भीतीचं नव्हतं, झोपेचं होतं.

फोन वाजला.

"मधू, चोपन्न! बाण खाली! कुठं आहेस तू?"

"जुनी टेंभरी. ताई, मी बरी आहे. एकशे अठ्ठावीस."

"डोकं फिरलं का तुझं? साखर उतरली की असंच बोलते तू, मला माहीत नाही का? एकोणपन्नास! मधू, खा! मी गाडी काढून राहिली, तिथेच बस."

फोन कटला. आणि त्याच शांततेत तिला कोकिळेचा आवाज ऐकू आला.

कोकिळेचा आवाज हा तिच्या फोनचा साखर उतरल्याचा इशारा होता. हिमानीनंच निवडलेला, दचकायला होऊ नये म्हणून. मधुवंतीनं हातातल्या फोनकडे पाहिलं. तो गप्प होता. आवाज येत होता पुढच्या घरातून, दोन खोल्या ओलांडून. कु-ऊ. कु-ऊ. थांबत नव्हता. कुणी बंदही करत नव्हतं.

ती दाराच्या खिंडारापाशी गेली. पहिली खोली, तिच्यापलीकडे दुसरं खिंडार, आणि त्यातून भिंतीला खांदा टेकवून, जराशी पाठमोरी बसलेली बाई दिसली. हिरव्या टोपीचा काठ. घामानं काळा झालेला सदरा. मांडीवर एक हात, आणि त्या हातात ग्लुकोजची पुडी. बोटं पुडीचा कोपरा शोधत होती, त्यांना तो सापडत नव्हता. सापडला तर फाडता येत नव्हता.

 पळावं असं मधुवंतीच्या अंगावरच्या प्रत्येक केसाला वाटत होतं. पण ही बाई, कुणी का असेना, आणखी थोड्या वेळात कलंडणार होती, मग तिला झटके येणार होते, मग काहीच होणार नव्हतं. आणि हिची जबाबदारी घ्यायला या सबंध गावात दुसरं कुणी नव्हतं.

तिनं पिशवी खाली ठेवली. स्टीलच्या बाटलीत दोन पुड्या ओतल्या, मग त्या पुरतील न पुरतील म्हणून उरलेल्याही ओतल्या. बाटली हलवली. पहिली खोली ओलांडली, आणि डोळे घट्ट मिटून, तोंड भिंतीकडे फिरवून हात पुढे केला.

"हे घ्या," ती म्हणाली. "हळूहळू प्या."

बराच वेळ काही झालं नाही. मग थंडगार, ओली बोटं तिच्या बोटांवर चढली. ती बोटं टोकांशी खरखरीत होती. बाटलीचं ओझं तिच्या हातातून निघून गेलं, आणि घोट घेतल्याचा आवाज आला. अधाशी, लहान पोरीसारखा.

मधुवंती धावत सुटली.

६

पिशवी तिथंच राहिली, हे तिला शेवटच्या घरापाशी कळलं. परत जायची छाती झाली नाही. वाट कुठली हेही कळेना, कारण जिकडे उतार होता तिकडे ती आली होती, आणि समोर पाणीच पाणी होतं, पारा ओतल्यासारखं, त्यात मेलेल्या झाडांचे शेंडे.

फोन वाजला. हिमानी रडत होती, हसत होती.

"चढली, मधू! अठ्ठावन्न, आता एकाहत्तर! खाल्लंस बाई एकदाचं. कुहीच्या रस्त्याला लागून राहिली मी, येतेच."

"ताई, ती मी नाही," मधुवंती म्हणाली. तिचे ओठ मुंग्या आल्यासारखे झाले होते.

पलीकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. "आवाज तुटून राहिला. पडून राहा तू, हालू नको."

तिनं पडद्यावर पाहिलं. अडुसष्ट, बाण सरळ खाली. कोकिळा आता तिच्याच हातात ओरडायला लागली. तिनं हिमानीला परत फोन लावला, तर लाइन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. ताई कुणाशी तरी बोलत होती, आणि बराच वेळ बोलत होती.

मानेवर घाम फुटला. खिसे तिनं उलटे केले, काही नव्हतं. आकडा चाळीसवर आला तेव्हा ती गाळात गुडघ्यांवर बसली होती. पुढचा आकडा तिला वाचता आला नाही. फोन हातातून निसटून पाण्यात गेला, तेव्हा त्याच्या पडण्याचा आवाज तिला फार सुंदर वाटला. पाण्याखालच्या गावात दिवे लागताहेत आणि कुणीतरी जेवायला हाक मारतंय, असं वाटलं.

मग तोंडात काहीतरी गोड, मातकट. गूळ. एक काळासावळा माणूस तिच्या हिरड्यांवर बोटानं गूळ चोळत होता.

"गिळा, बाई, गिळा. मासोळ्याचं जाळं काढाले आलो म्हणून दिसल्या. माह्या मायले पण साखर होती, मले समजते हे."

त्याचं नाव नत्थू होतं. त्यानं तिला खांद्याला धरून वर आणलं, कुणाच्या मदतीशिवाय स्वतःच्याच गमछ्यानं पाठीशी बांधून मोटारसायकलवर बसवलं आणि कुहीला डॉक्टरकडे नेलं.

७

दवाखाना रस्त्यालगतच होता. सलाइन चढल्यावर मधुवंतीचं डोकं हळूहळू ताळ्यावर आलं. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. साखर फार उतरली की माणसाला काहीबाही दिसतं, ऐकू येतं, तासन्‌तास चालत राहतात लोक आणि त्यांना आठवतही नाही, असं त्यांनी सांगितलं. मधुवंतीला ते ऐकून इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुढची बाई आपणच असणार. आपणच पुढे गेलो असणार, आपणच परत आलो असणार. काळाचा घोळ झाला असणार डोक्यात.

"सेन्सर कुठाय पण?" डॉक्टरांनी विचारलं. तिच्या दंडावर नुसता गोल, फिकट डाग होता.

"पाण्यात पडलं असंन," नत्थू म्हणाला.

हिमानीचा नंबर तिला पाठ होता. नत्थूच्या फोनवरून तिनं तो लावला. दोन वेळा वाजला आणि उचलला.

"ताई, मी मधू. मी कुहीला आहे, दवाखान्यात. बरी आहे आता."

पलीकडे गाडीच्या इंजिनाचा आवाज. मग हिमानी म्हणाली, परक्या माणसाशी बोलायच्या आवाजात, "कोण बोलून राहिलं?"

"मी गं. मधू."

"हे पाहा बाई, असली थट्टा करू नका. माझी बहीण आत्ता मरता मरता वाचली. माझ्या बाजूला बसून आहे ती."

मधुवंतीनं फोन कानाशी दाबून धरला. तेवढ्यात पलीकडून दुसरा आवाज आला, थकलेला, झोपाळू, लाडिक.

"कोण आहे, ताई?"

"कोणी नाही गं. झोप तू."

फोन बंद झाला.

नत्थू काहीतरी विचारत होता. मधुवंतीनं हाताची सुई काढली, बुटांत पाय घातले आणि ती बाहेर आली. डॉक्टर मागून हाका मारत होते. रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला होता. त्यांच्यामागे ताईची पांढरी गाडी भोंगा न वाजवता थांबली होती. हिमानी कधीच भोंगा वाजवत नसे जनावरांना.

मधुवंती गाडीपासून चार पावलांवर उभी होती. शेजारच्या आसनावर कुणीतरी मान कलती करून झोपलं होतं, चेहऱ्यावर हिरवी टोपी ओढून. मांडीवर स्टीलची बाटली. हिमानीनं आपली ओढणी त्या झोपलेलीच्या अंगावर घातली होती आणि एक हात तिच्या मनगटावर ठेवला होता, नाडी बघितल्यासारखा.

"ताई," मधुवंती म्हणाली.

हिमानीनं वळून पाहिलं. सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. चिखलानं माखलेल्या, विस्कटलेल्या एका बाईकडे एखादी सभ्य बाई जशी पाहते तसं, क्षणभर, कळवळ्यानं. मग शेळ्या पांगल्या. धूळ उडणार म्हणून हिमानीनं काच वर घेतली, आणि गाडी नागपूरच्या दिशेनं, झोपलेलीला हिसका बसू नये इतक्या सावकाश, निघून गेली.